अगंबाई, त्यांना पाय आहेत!

कानावर आलं का तुमच्या? नाही? मग आधी दार लोटून घ्या. मुलंबाळं खेळायला गेली असतील तर बरंच, कारण गोष्ट चारचौघांत बोलण्यासारखी नाही. अमेरिकेत, न्यू यॉर्क राज्यात, सेनेका फॉल्स नावाचं एक गाव आहे. तिथे १८५१ साली, थंडी सरता सरता, काही घरंदाज बायका भर रस्त्यात विजारी घालून हिंडताना दिसल्या. हो हो, विजारीच म्हणाले मी. नाटकातल्या नट्या नव्हेत, सर्कशीतल्या नव्हेत. चांगल्या लग्न झालेल्या, चर्चला जाणाऱ्या. एकीचा नवरा गावचा पोस्टमास्तर, दुसरीचा वकील आणि राजकारणी. आणि ही दुसरी तर लेकुरवाळी!

आता विजार कसली म्हणाल, तर घोळदार, तुर्की धाटणीची, घोट्याशी चुण्या घालून आवळलेली. तिच्यावर गुडघ्याच्या खाली चार इंच येणारा झगा. म्हणजे खरं पाहिलं तर तसूभरही कातडी दिसत नव्हती. पण दिसण्या-न दिसण्याचा प्रश्नच नव्हता हो! या पोशाखामुळे एक भयंकर गुपित फुटलं. बाईला कमरेखाली दोन पाय असतात, आणि ते एकमेकांपासून वेगळे असतात. सभ्य समाजाने किती वर्षं, किती वार कापड खर्चून ही गोष्ट झाकून ठेवली होती! सगळं मुसळ केरात.

किती कापड ते ऐकाच. आतून सुरुवात करू. (कल्पनेतच, भलतं काही नको.) आधी शेमीज. तिच्यावर कॉर्सेट, देवमाशाच्या तोंडातल्या ताठ पट्ट्या शिवून मागून नाड्यांनी करकचून बांधलेली, म्हणजे कंबर दोन मुठींत मावावी. श्वास पोटभर घेता येत नसे, पण श्वास घेऊन बाईला करायचंय काय? मग पेटीकोट. एक नव्हे, दोन नव्हे. पाच-सहा तर सहज. त्यांतला एखादा घोड्याच्या केसांच्या ताठ कापडाचा, बाकीचे खळ दिलेले. वरून जमिनीवर लोळणारा झगा. सगळ्याचं वजन पाच-सहा किलोंच्या घरात, आणि ते सगळं कमरेला लटकलेलं. अशा थाटात बाईने जिने चढायचे, चूल फुंकायची, मूल कडेवर घ्यायचं आणि रस्त्याने चालताना झग्याच्या घेराने गावची धूळ, चिखल, घोड्यांची लीद नि पुरुषांनी टाकलेल्या तंबाखूच्या पिचकाऱ्या पुसत पुसत घरी आणायच्या. पिचकाऱ्यांचं मी पदरचं सांगत नाही. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये अमेरिका पाहून आला आणि प्रवासवर्णनात वॉशिंग्टनला त्याने चक्क तंबाखूच्या थुंकीच्या राजधानीचा मान देऊन टाकला. एवढं सगळं झग्याला लावून घरात आलेली बाई मात्र सोज्वळ, शालीन. आणि विजारवाली निर्लज्ज. पटतंय ना? पटलंच पाहिजे.

(आमच्याकडे नऊवारीचा काष्टा मारून बायका शेतात राबल्या, डोंगर चढल्या, घोड्यावर बसल्या. आभाळ कोसळल्याची नोंद नाही. पण ते जाऊ द्या, परक्यांच्या घरात आपण कशाला नाक खुपसा!)

तर हे खूळ काढलं कुणी? इथे खरी गंमत आहे. पहिली काडी लावली ती एका पुरुषाने. गावातल्या एका साप्ताहिकाचा संपादक. बायकांच्या हक्कांचं नाव काढलं की याच्या कपाळाला आठ्या. पण १८५१ च्या सुरुवातीला याला काय वाटलं कोण जाणे, त्याने अग्रलेख लिहून टाकला की बायकांचा हा लोळणारा पोशाख गैरसोयीचा आहे, त्यांनी आखूड झगा आणि खाली विजार असं काहीतरी घालावं. झालं! गावात अमेलिया ब्लूमर नावाची बाई ‘द लिली’ नावाचं मासिक चालवत होती. तिने लगेच चिमटा काढला: वा, महाशय, बायकांना हक्क द्यायला तुमचा विरोध, आणि कपड्यांत मात्र तुम्ही आमच्याही पुढे धावलात? संपादकाने उत्तर दिलं, हिने प्रत्युत्तर दिलं, आणि दोघांची जुगलबंदी गाव चवीने वाचू लागलं.

ही अमेलिया दिसायला लहानखुरी, पण पहिल्यापासूनच वेगळी. १८४० मध्ये डेक्स्टर ब्लूमरशी लग्न करताना तिने शपथेतून ‘नवऱ्याची आज्ञा पाळीन’ हा भाग गाळायला लावला. लग्नाच्या मेजवानीत नवऱ्याने प्रेमाने वाइनचा पेला पुढे केला, तर नवी नवरी म्हणते, नको! दारूबंदीवाली ना. ‘द लिली’ सुद्धा १ जानेवारी १८४९ ला सुरू झालं ते दारूबंदीसाठी. नवरा पोस्टमास्तर झाला तेव्हा ही त्याची डेप्युटी होऊन टपाल वाटायला बसली आणि पोस्टाला लागून असलेली खोली तिने गावातल्या बायकांना बसाबोलायला करून दिली. पोस्टात बायकांची बैठक! आता तुम्हीच सांगा, विजारीपर्यंत मजल जायला कितीसा वेळ लागणार होता?

तेवढ्यात गावात पाहुणी आली. एलिझाबेथ स्मिथ मिलर. पीटरबरोच्या गेरिट स्मिथ या बड्या धनाढ्य समाजसुधारकाची मुलगी. बागेत काम करताना झगा सारखा पायात येई, एक दिवस ती इतकी वैतागली की तिने तो सोडून दिला आणि तुर्की विजार शिवून घेतली. त्याच वेषात प्रवास करत ती नात्यातल्या एका बाईकडे उतरली. ही बाई कोण? एलिझाबेथ कॅडी स्टॅंटन. एलिझाबेथच्या घरी एलिझाबेथ. स्टॅंटनबाईंनी पाहिलं की ही पाहुणी एका हातात दिवा, दुसऱ्या हातात मूल घेऊन टणाटणा जिना चढते, आणि आपण मात्र मोकळ्या हातांनीसुद्धा कठडा धरून, झगा सावरत, धापा टाकत वर पोचतो. पायातली बेडी निघाल्यासारखं वाटलं, असं पुढे त्या स्वतःच सांगत. काही दिवसांत स्टॅंटनबाईंच्या विजारी शिवून तयार. मग संपादकाशी एवढा वाद घातलेली अमेलिया मागे कशी राहणार? तिनेही घातली, आणि घातल्याचं मासिकात छापलं.

छापलं तिथेच फसली बिचारी. न्यू यॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ने बातमी उचलली, तिथून देशभरच्या वर्तमानपत्रांनी. कल्पना मिलरबाईंची, हिंमत स्टॅंटनबाईंची आणि नाव चिकटलं ब्लूमरबाईंना. अमेलिया घसा कोरडा करून सांगत राहिली की हा पोशाख माझा नव्हे, मिसेस मिलरचा. कोण ऐकतो? गावोगावहून बायकांची शेकड्यांनी पत्रं आली. विरोधाची नव्हेत हो, मापांची! कापड किती लागतं, चुण्या कशा घालायच्या, नमुना पाठवा. ‘द लिली’चा खप महिन्याला पाचशेच्या आसपास होता तो चार हजारांवर गेला. दारूबंदीवर दोन वर्षं जीव तोडून लिहिलं तेव्हा पाचशे वाचक, आणि विजारीला चार हजार. संपादकीय धंद्यातलं हे सत्य तेव्हापासून आजतागायत कुणाला खोटं पाडता आलेलं नाही.

बरं, हीच पहिली होती असंही नाही. फॅनी केंबल ही नामांकित नटी मॅसॅच्युसेट्समध्ये दोन वर्षं आधीच तसलं काही घालून फिरताना दिसली होती. पाण्याच्या उपचारांची आरोग्यधामं होती, तिथे बायकांना सैल विजारी देत. आणि पीटरबरोपासून फार लांब नसलेल्या ओनायडा वसाहतीत बायका आखूड झगे घालत होत्या. ओनायडा माहीत नाही? मग सांगत नाही. तिथे प्रत्येकाचं लग्न प्रत्येकाशी लागलेलं मानत. एवढंच सांगते आणि कानाला खडा लावते.

पण आजारी, नटी नाहीतर पंथवेडी यांनी काहीही घातलं तर लोक हसून सोडतात. वकिलाची बायको घालते तेव्हा ती साथ होते. लोवेलच्या कापड गिरण्यांतल्या मुलींनी हा पोशाख उचलून धरला. यंत्रांत झगा अडकण्याची भीती कशी असते ते त्यांनाच ठाऊक. नाचाच्या ‘ब्लूमर’ मैफली झाल्या, ‘ब्लूमर’ पोल्का निघाले, त्यांच्या स्वरलिप्या सचित्र मुखपृष्ठासह विकल्या गेल्या. त्याच वर्षी लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसचं जंगी प्रदर्शन भरलं होतं आणि अटलांटिक ओलांडून हे खूळही तिथे पोचलं. ‘पंच’ साप्ताहिकाला तर दिवाळीच. चित्रामागून चित्रं: विजारवाल्या बाया सिगार ओढताहेत, रस्त्यात टोळक्याने उभ्या आहेत, लाजऱ्याबुजऱ्या तरुणाला गुडघे टेकून मागणी घालताहेत, आणि नवरा घरात मूल जोजवतोय.

बघा हं, चित्रांत विजार कमी आणि सिगारच जास्त. इंग्लंड-अमेरिकेतल्या पुरुषांच्या पोटात गोळा उठला तो चुणीदार कापडामुळे नव्हे. घरात विजार कुणाची, हा प्रश्न होता. पाद्रीबुवांनी बायबलातला जुना करार उघडला, अनुवाद ग्रंथाचा २२ वा अध्याय, पाचवं वचन: बाईने पुरुषाचा वेष करू नये. त्याच अध्यायात द्राक्षमळ्यात दोन जातींचं बी मिसळून पेरू नये, लोकर आणि ताग एकत्र विणलेलं वस्त्र घालू नये असंही आहे, पण तेवढं पान उलटायला पाद्रीबुवांना सवड झाली नाही.

स्टॅंटनबाईंच्या घरचं तर विचारू नका. वडील न्यायाधीश डॅनियल कॅडी, मोठे मानी गृहस्थ. त्यांनी लेकीला कळवलं की त्या अवतारात माहेरी येऊ नकोस. बोर्डिंगातल्या थोरल्या मुलाने लिहिलं, आई, मला भेटायला ये, पण लांब झगा घालून ये. आईने काय उत्तर द्यावं? तिने लिहिलं की समज, आपण दोघं शेतातून फिरायला चाललोय आणि एक बैल मागे लागला. तू मोकळ्या पायांनी सुसाट पळशील, कुंपण ओलांडशील. मी तीन पेटीकोटांत अडकून बैलाच्या शिंगावर. ते बघायला तुला आवडेल का रे? पोराच्या मित्रांच्या हसण्याची चिंता तिने एका बैलात उडवून लावली. नवरा हेन्री त्याच वर्षी राज्याच्या सिनेटसाठी निवडणूक लढवत होता. गल्लीतल्या पोरांनी गाणं रचलं, की शिंपी टाके घालून दमले आणि विजार मात्र मिसेस स्टॅंटनने चढवली. हेन्री निवडून आला म्हणा, पण जेमतेम.

आता थोडं मागे जाऊ, कारण या हेन्रीचं एक जुनं प्रकरण आहे. १८४८ च्या जुलैत, १९ आणि २० तारखेला, याच गावातल्या वेस्लियन चॅपेलमध्ये बायकांनी सभा भरवली होती. तीनशेच्या आसपास माणसं जमली. स्टॅंटनबाईंनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरच आपला जाहीरनामा बेतला: सर्व पुरुष आणि स्त्रिया समान जन्मल्या आहेत. राजा जॉर्जच्या जागी पुरुषजात, आणि तिच्या जुलमांची यादी. लग्न झालेली बाई कायद्याच्या दृष्टीने जिवंतच नाही, तिची कमाई नवऱ्याची, घटस्फोट झाला तर मुलं नवऱ्याची. इथवर सगळे माना डोलावत होते. मग बाईंनी काढला मतदानाचा हक्क! लुक्रेशिया मॉट ही त्यांची वडीलधारी क्वेकर मैत्रीण. तीसुद्धा म्हणाली, अगं, हसतील आपल्याला. आणि हेन्रीराव, गुलामगिरीविरुद्ध व्यासपीठं गाजवणारे हेन्रीराव, बायको मत मागणार हे कळल्यावर गाव सोडून गेले असं सांगतात. तो ठराव सभेत तरला त्यात फ्रेडरिक डग्लसचा मोठा वाटा. गुलामगिरीतून निसटलेला हा माणूस उभा राहून बोलला, आणि ठराव थोडक्यात पास झाला. जाहीरनाम्यावर शंभर सह्या: ६८ बायका, ३२ पुरुष. वर्तमानपत्रांनी टर उडवायला सुरुवात केल्यावर त्यांतल्या काहींनी गपचूप नावं मागे घेतली. ‘न्यू यॉर्क हेरल्ड’ने चेष्टा म्हणून अख्खा जाहीरनामा छापला. स्टॅंटनबाई खूश! इतका मोठा खप असलेल्या पत्रात फुकट जाहिरात कोण करतं? आणि आमची अमेलिया? ती सभेला आली होती, पण सही केली नाही हो तिने.

म्हणजे विजारीची खरी भानगड तीन वर्षं आधीचीच. लोक १८५१ मध्ये पायांकडे बोट दाखवत होते, पण डोळ्यांत सलत होती ती मतपेटी.

१८५१ च्याच वसंतात गावात आणखी एक मंगल कार्य झालं. गुलामगिरीविरोधी सभेनंतर, रस्त्याच्या कोपऱ्यावर, अमेलियाने आपल्याकडे उतरलेल्या एका माजी शिक्षिकेची स्टॅंटनबाईंशी ओळख करून दिली. राखाडी पोशाख, टोपीला फिकट निळ्या फिती, करारी चेहरा. नाव सुझन बी. अँथनी. पुढे पन्नास वर्षं या जोडीने अमेरिकेला झोपू दिलं नाही. सेनेका फॉल्समध्ये या भेटीचा पुतळा आहे, १९९८ मध्ये बसवलेला. त्यात अमेलिया आणि स्टॅंटनबाई विजारीत, सुझन मात्र लांब झग्यात. खरंच, सुझनने बराच काळ नकोच म्हटलं. १८५२ च्या अखेरीस एकदाची तयार झाली, केसही आखूड कापले. लूसी स्टोननेही घातली. ही लूसी पुढे लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावायला नाही म्हणाली, पण ती भानगड वेगळी, एका बैठकीत किती ऐकाल!

विजार घातली आणि खरे हाल सुरू झाले. न्यू यॉर्कच्या पोस्टापाशी सुझन आणि लूसीला गर्दीने असं वेढलं की पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. हसणं, टोमणे, ढकलाढकली. ओळखीच्या माणसाने मदत आणली तेव्हा सुटल्या. सभेत उभी राहून सुझन बाईच्या कमाईवरच्या हक्काबद्दल बोलतेय आणि श्रोत्यांच्या नजरा हिच्या घोट्यांवर. डोक्याने ऐकायच्या गोष्टी डोळ्यांपाशीच अडकत होत्या. १८५३-५४ मध्ये स्टॅंटनबाईंनी विजार पेटीत घातली आणि मैत्रिणींनाही सांगितलं की सोडा. सुझनने सोडली ती रडतकढत. एका वेळी एकच सुधारणा मागावी, असा धडा तिने त्यातून घेतला.

यावर अजूनही दोन तट आहेत. काही म्हणतात, कच खाल्ली. मला विचाराल तर हा पक्का हिशेब होता. लोकांना बायकांच्या पायांवर आयुष्यभर बोलायला आवडतं, आणि तोवर बाकी काही ऐकावं लागत नाही. बोलायचं तर मतावर बोला, म्हणून या बायकांनी त्यांच्या हातातला विषयच काढून घेतला. शहाण्याच होत्या.

पण उपदेशाला तोटा नाही. १८५५ च्या डिसेंबरात खुद्द गेरिट स्मिथ, म्हणजे विजारीच्या जननीचे वडील, यांनी स्टॅंटनबाईंना लांबलचक जाहीर पत्र लिहिलं: तुम्ही असला अपंग करणारा पोशाख घालता, तोवर तुमच्या चळवळीला कोण विचारणार? आधी कपडे बदला, मग हक्क मागा. गृहस्थ मोठे दानशूर, मनाचे चांगले, पण उभ्या जन्मात एकदाही पेटीकोट घालून जिना चढलेले नाहीत. स्टॅंटनबाईंनी उत्तर दिलंच. झगा घालणाऱ्या न्यायाधीशांना आणि धर्मगुरूंना कुणी दुबळं म्हणत नाही, तेव्हा गुलामी कापडात नाही, कायद्यात आहे, असा त्यांचा रोख. पुरुष विजार घालू देत नव्हते ते एक, आणि आता सोडली म्हणून ओरडणारे हे एक! स्मिथांची लेक मात्र खमकी. तिने सातेक वर्षं विजार सोडली नाही. बाबा १८५३-५४ मध्ये खासदार होते तेव्हा वॉशिंग्टनच्या मेजवान्यांतसुद्धा ती त्याच पोशाखात वावरली.

आणि अमेलिया? जिने ना शोध लावला, ना फॅशन काढायचं मनात आणलं, ती मात्र बरीच वर्षं नावाला जागली. नवऱ्याबरोबर ती पश्चिमेला गेली, १८५५ मध्ये आयोवातल्या कौन्सिल ब्लफ्सला. नदीपलीकडे नेब्रास्का. १८५६ च्या जानेवारीत तिथल्या विधिमंडळापुढे तिने बायकांच्या मतावर भाषण केलं, आणि काय आश्चर्य, खालच्या सभागृहाने १४ विरुद्ध ११ मतांनी विधेयक पास केलं! अधिवेशन संपलं म्हणून वरच्या सभागृहात ते राहून गेलं. बाजूने बोललेल्या एका सदस्याला विरोधकांनी भर सभागृहात पेटीकोट भेट दिला आणि त्यावरून हातघाई झाली, असं सांगतात. लोकप्रतिनिधींचा अंतर्वस्त्रांवरून दंगा! आणि म्हणे बायका भावनाप्रधान.

शेवटी अमेलियाची विजार सुटली ती कुणाच्या टोमण्यांनी नव्हे, वाऱ्याने. आयोवाच्या माळरानावरचा सोसाट्याचा वारा आखूड झगा उचलून थेट डोक्यावर नेई. तिने काठात शिशाच्या गोळ्या शिवल्या, तर वाऱ्यासरशी त्या पायांवर बसू लागल्या. तेवढ्यात पोलादी कड्यांचं क्रिनोलिन निघालं. पिंजरा खरा, पण हलका. पाच-सहा पेटीकोटांची गरज संपली. अमेलियाला तेवढं पुरलं. वजनाविरुद्ध होती ती, झग्याविरुद्ध नव्हे. पुढे आयोवाच्या स्त्री-मताधिकार संघटनेची ती अध्यक्ष झाली, पण कुणाला सांगायला जा. १८९४ मध्ये ती गेली तेव्हा तिचं आडनाव कपड्यांच्या कपाटातच अडकलेलं होतं.

विजार मात्र मेली नव्हती. अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करणाऱ्या डॉक्टर मेरी वॉकर तिच्यातच वावरल्या, १८६५ मध्ये मेडल ऑफ ऑनर मिळवलं, आणि पुरुषी कपडे घातले म्हणून अटकही करून घेतली. मग १८९० च्या दशकात आली सायकल, आणि घोळदार विजारी पुन्हा रस्त्यावर! पुन्हा तीच बोंब. बायकांचा चेहरा सायकलमुळे विद्रूप होतो असा ‘सायकल-चेहरा’ नावाचा रोग डॉक्टरांनी शोधून काढला. फ्रान्सेस विलर्ड, दारूबंदीवाल्या बायकांच्या बलाढ्य संघटनेची अध्यक्षा, पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकली, सायकलीचं नाव ग्लॅडिस ठेवलं आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. १८९६ मध्ये पंच्याहत्तर वर्षांची सुझन अँथनी मुलाखतीत म्हणाली की बायकांच्या मुक्तीला सायकलीइतका हातभार कशानेच लागला नसेल. ज्या विजारीने तिला रडवलं तीच आता पोरी सहज चढवत होत्या.

या विलर्डबाई आपल्या ओळखीच्या निघतात बरं का. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. तेव्हा विलर्डबाईंशी त्यांचा चांगला स्नेह जमला. सेनेका फॉल्सच्या सभेला चाळीस वर्षं झाली म्हणून १८८८ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय स्त्री-परिषद भरली. स्टॅंटनबाई आणि सुझन दोघी तिथे ठाण मांडून, आणि रमाबाईही हजर. परत येऊन त्यांनी १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ लिहिलं आणि त्यात तिथल्या बायकांच्या स्थितीवर एक प्रकरण घातलं. म्हणजे हे सगळं कुजबुजायला आपल्याला आज सुचतंय. मराठी वाचकाच्या हातात ते सव्वाशे वर्षांपेक्षा जास्त काळ आहे, तेही चांगल्या मराठीत.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. सुझनने १८७२ मध्ये रॉचेस्टरला मत टाकलं म्हणून अटक झाली, शंभर डॉलर दंड झाला, तो तिने मरेपर्यंत भरला नाही. स्टॅंटनबाई १९०२ मध्ये गेल्या, सुझन १९०६ मध्ये. मत दोघींच्याही नशिबी नव्हतं. १९२० च्या ऑगस्टमध्ये टेनेसीच्या विधिमंडळातल्या चोवीस वर्षांच्या एका सदस्याने आईचं पत्र खिशात ठेवून शेवटच्या क्षणी बाजू बदलली आणि बायकांना मताचा हक्क देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती पक्की झाली. १८४८ च्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी शार्लट वुडवर्ड एवढी एकच तेव्हा हयात होती, आणि ती आजारी असल्याने मत द्यायला जाऊ शकली नाही.

पण थांबा, दार इतक्यात उघडू नका. खरी कहर बातमी राहिलीच. मत मिळालं १९२० मध्ये, आणि विजार? वॉशिंग्टनच्या सिनेट सभागृहात सदस्य बायकांनी विजार घालून येऊ नये हा दंडक त्यानंतरही चालूच होता. १९९३ मध्ये बार्बरा मिकल्स्की आणि कॅरल मोझली-ब्राउन या दोघी सिनेटर विजार घालून सरळ आत गेल्या, आणि त्यानंतर त्याच वर्षी नियम बदलला. मतानंतर त्र्याहत्तर वर्षांनी.